व्हर्च्युअल पाइप ऑर्गनचा सूर अडकून राहतो: दर पावसाळ्यात येणारा बिघाड कसा शोधायचा

पट्टीवरून बोट उचललं तरी सूर थांबत नाही. बाकीचे सूर विरून जातात, हा एकटाच तसाच ताठ उभा राहतो आणि पुढचा स्वरमेळ लावला की त्याच्याशी भांडतो. घरी संगणकावर पाइप ऑर्गन वाजवणाऱ्यांना हा त्रास नवा नाही. माझ्याकडे माहीमला तो ओळीने तीन पावसाळे आला. जूनच्या मध्याला सुरू व्हायचा, ऑक्टोबरात नाहीसा व्हायचा. पहिल्या वर्षी मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. दुसऱ्या वर्षी केबल बदलली. तिसऱ्या वर्षी विंडोजच नव्याने टाकली. दर वेळी पाऊस गेला की सूर अडकायचा थांबायचा आणि सगळ्यात शेवटी केलेल्या उपायाला मी श्रेय द्यायचे. चौथ्या वर्षी एकही सेटिंग न बदलता आधी फक्त नोंदी ठेवल्या. तेव्हा कळलं, की मी ज्याला एक बिघाड समजत होते ते तीन वेगवेगळे बिघाड होते आणि तिघांचं लक्षण कानाला एकच वाटत होतं.

माझी मांडणी सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. सॉफ्टवेअर ग्रँडऑर्ग, जे मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. एकावर एक ठेवलेले ६१ पट्ट्यांचे दोन मिडी कीबोर्ड (मिडी म्हणजे वाद्याचे निरोप संगणकाला पोचवायची ठरलेली पद्धत). पायाखाली ३० पेडलांची लाकडी पाटी, ओळखीच्या सुताराकडून करून घेतलेली. प्रत्येक पेडलाखाली लोहचुंबक आणि त्यासमोर काचेच्या नळीतला रीड स्विच. लॅपटॉप १६ जीबी रॅमचा. रात्री हेडफोन, रविवारी दुपारी स्पीकर. सॉफ्टवेअरमध्ये ऑर्गन-संच घालायचे असतात, म्हणजे खऱ्या ऑर्गनच्या पाइपांचे मुद्रित आवाज. वाजवायला बहुतेक वेळा लार्श पालो यांनी मोफत दिलेला स्वीडनमधल्या बूरिओच्या चॅपलचा छोटा ऑर्गन, आणि वेळ असला की प्योत्र ग्राबोव्स्की यांचा ऑस्ट्रियातल्या फ्रीसाखचा. तुमच्याकडे हाउप्टवेर्क हे दुसरं सॉफ्टवेअर असेल तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडतं, कारण बिघाड बहुधा निरोप सॉफ्टवेअरपर्यंत पोचण्याआधीच घडलेला असतो.

खऱ्या पाइप ऑर्गनमध्ये या दुखण्याला सायफर म्हणतात. पाइपाखालची हवेची झडप नीट मिटत नाही आणि पाइप आपला बोलत राहतो. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की जुन्या माणसांना संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. त्यात पाइप नसतात, पेटीसारख्या पितळी पट्ट्या असतात. पण हे दुखणं त्यालाही होतं आणि हाताच्या पेटीलाही होतं. माझे बाबा पन्नास वर्षं पेटी वाजवत आले आहेत. तिसऱ्या पावसाळ्यात मी लॅपटॉप उघडून बसले होते, तेव्हा ते मागे उभे राहून म्हणाले, “अगं, कुठला सूर अडकतोय ते आधी बघितलंस का? पेटी अशी बोलत राहिली की आम्ही आधी ती एक पट्टी शोधतो. सगळी पेटी नाही खोलत.” मी ते तेव्हा मनावर घेतलं नाही. पुढच्या वर्षी वही घेतली ती त्यांच्या याच बोलण्यामुळे.

पियानोवर कधी का नाही झालं?

मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट ही होती, की त्याच कीबोर्डवर पियानोचं सॉफ्टवेअर लावलं तर सगळं ठीक चालायचं. त्यावरून मी ठरवून टाकलं होतं की कीबोर्ड निर्दोष आहे आणि दोष ऑर्गनच्या सॉफ्टवेअरचा आहे. हा निष्कर्ष साफ चुकीचा होता.

पट्टी दाबली की कीबोर्ड संगणकाला ‘नोट ऑन’ असा निरोप पाठवतो आणि सोडली की ‘नोट ऑफ’. काही कीबोर्ड नोट ऑफऐवजी शून्य जोराचा नोट ऑन पाठवतात, अर्थ तोच. मधल्या काळात काहीही पाठवलं जात नाही. म्हणजे दुसरा निरोप वाटेत हरवला तर संगणकाच्या लेखी पट्टी अजून दाबलेलीच असते. पियानोचा सूर पट्टी दाबून धरली तरी हळूहळू विरतोच, त्यामुळे हरवलेला नोट ऑफ तिथे झाकला जातो. तुम्हाला फार तर पियानोचं पेडल जरा जास्त दाबल्यासारखं वाटतं. ऑर्गनचा सूर विरत नाही. मुद्रित केलेल्या नमुन्याची सुरुवात वाजते, मग मधला भाग फिरून फिरून वाजत राहतो, आणि नोट ऑफ आल्यावरच खोलीतल्या घुमाऱ्यासकट शेपटी वाजून सूर संपतो. तो निरोप आलाच नाही तर मधला भाग रात्रभर फिरत राहील. म्हणजे ऑर्गनने नवा दोष आणलेला नसतो, जुना दोष उघडा पाडलेला असतो.

वही

सूर अडकला की घाईघाईने सॉफ्टवेअर बंद करायचं नाही. त्या मिनिटभरात जी माहिती मिळते ती नंतर मिळत नाही. मी वहीत पाच गोष्टी लिहीत गेले: तारीख आणि वेळ, कोणता सूर, कोणत्या मॅन्युअलवर (म्हणजे हाताच्या कीबोर्डवर) की पेडलवर, हेडफोन होते की स्पीकर, आणि पडद्यावरच्या चित्रात ती पट्टी दबलेली दिसत होती की वर आलेली.

ही शेवटची नोंद फार कामाची आहे. बहुतेक ऑर्गन-संचांत पडद्यावर कीबोर्डचं चित्र असतं आणि सॉफ्टवेअरला जी पट्टी दाबलेली वाटते ती चित्रात दबलेली दिसते. पट्टी दबलेली दिसत असेल तर नोट ऑफ पोचलेला नाही, म्हणजे हार्डवेअर, केबल किंवा मिडीची सेटिंग यांपैकी काहीतरी. सगळ्या पट्ट्या वर असूनही आवाज येत असेल तर तो सूर नव्हेच, दुसरं काहीतरी आहे. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

यानंतर तीच पट्टी एकदा दाबून सोडायची. सूर थांबला तर पहिला नोट ऑफ हरवला होता. थांबला नाही, तर पट्टी किंवा पेडल हाताने वर उचलून बघायचं. उचलल्यावर थांबला तर गुन्हेगार तिथेच सापडला. काहीच लागू पडलं नाही तर ग्रँडऑर्गमध्ये पॅनिक नावाची आज्ञा आहे, ती सगळे सूर एकदम गप्प करते. पण पॅनिक शेवटी. ते आधी दाबलंत तर पुरावा पुसला जातो.

पहिल्या दोन आठवड्यांत माझ्याकडे अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या आठ पेडलच्या, आणि त्या आठही फक्त दोन पेडलांच्या: खालचा ई आणि त्याच्या वरचा ए. दोन नोंदी वरच्या मॅन्युअलच्या, दोन्ही वेळा सूर वेगळे, एकदा तर तीन सूर एकदम. आणि एक नोंद खालच्या जीची, रविवारी दुपारची, स्पीकरवरची, पडद्यावर सगळ्या पट्ट्या वर असतानाची. अकरा ओळी एकाखाली एक बघितल्यावर तीन वर्षांचे माझे उपाय का फसले ते स्पष्ट झालं.

दर वेळी तोच सूर: लाकूड, चुंबक, रबर

एकच सूर पुन्हा पुन्हा अडकत असेल तर सॉफ्टवेअरकडे बघूही नका. केबलला आणि संगणकाला ई आणि डी यांत फरक कळत नाही. तो फरक फक्त पट्टीला कळतो.

तरी खात्री करून घ्यायची असेल तर मिडीचे निरोप डोळ्यांनी बघता येतात. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, लिनक्सवर एसेकडंप. विंडोजवर पुष्कळदा एका वेळी एकाच प्रोग्रामला कीबोर्ड वापरता येतो, म्हणून आधी ऑर्गन बंद करा, मग मिडी-ऑक्स उघडा. पट्टी दाबा, एक ओळ उमटेल. सोडा, दुसरी उमटेल. मधला सी म्हणजे ६० क्रमांक, ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डचा सगळ्यात खालचा सी ३६, वरचा ९६. ३० पेडलांची पाटी ३६ ते ६५. माझ्या ई पेडलचा क्रमांक ४०. दाबलं की ओळ आली, पाय उचलला तर दुसरी ओळ नाही. पेडल बोटाने दोन-तीन मिलिमीटर वर ढकललं आणि ओळ आली. तीन वर्षांचं कोडं तिथे सुटलं.

लाकूड दमट हवेत फुगतं, आणि ते लांबीत नाही तर रुंदीत फुगतं, रेषांच्या आडव्या दिशेने. सुताराने पाटी एप्रिलमध्ये केली होती. दोन पेडलांमध्ये आणि पुढच्या खाचेत त्याने अगदी नीटनेटकी, कमी फट ठेवली होती, आणि तेव्हा मला त्या सफाईचं कौतुक वाटलं होतं. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. फट भरून आली. पेडल पायाच्या जोराने खाली जात होतं, पण त्याला वर आणणारी स्प्रिंग तेवढी जोरकस नव्हती. ते जवळजवळ वर येत होतं. डोळ्यांना वर आल्यासारखंच दिसायचं.

इथे रीड स्विचचा एक गुण समजून घ्यायला हवा, कारण त्याच्याशिवाय हे कोडं पूर्ण उलगडत नाही. चुंबक जवळ आला की स्विच जुळतो आणि दूर गेला की सुटतो. पण सुटण्यासाठी चुंबकाला जुळण्याच्या अंतरापेक्षा जास्त दूर जावं लागतं. दोन्ही अंतरं सारखी नसतात. त्यामुळे पेडल थोडंसं अपुरं वर आलं तरी बिघाडाला तेवढं पुरतं. संपर्क तुटत नाही. उन्हाळ्यात मोकळं असताना ते पूर्ण वर यायचं, म्हणून ऑक्टोबरनंतर सगळं आपोआप बरं व्हायचं.

उपाय दोन केले. पहिला, त्या दोन पेडलांचे चुंबक स्विचपासून थोडे मागे सरकवले, इतके की पेडल अर्ध्यावर आलं तरी मिडी-ऑक्समध्ये नोट ऑफची ओळ उमटावी. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि आधी हेच करा. दुसरा, पेडलांच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासल्या. हे काम जुलै-ऑगस्टमध्येच करा, लाकूड पुरतं फुगलेलं असताना. हिवाळ्यात घासलं तर किती घासायचं याचा अंदाज येत नाही, आणि जास्त घासलं गेलं तर मे महिन्यात पेडल डुगडुगतात. घासलेल्या जागी पॉलिशचा हात मारून लाकडाची तोंडं बंद केली, नाहीतर उघडं लाकूड आणखी ओल पितं. खाचेत जिथे नमदा लावलेला आहे तिथे मेणबत्ती घासली. तेल मात्र लाकडाला लावू नका. त्याने धूळ चिकटते आणि नमद्याचा लगदा होतो.

पाटी मी खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावली. आमच्याकडे समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, खिडकीच्या बिजागऱ्यांवर ते दिसतंच. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवते. बाबा पेटीच्या कपाटात पावसाळाभर १५ वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवायचे. एलईडीने ती ऊब मिळत नाही. तो उपाय चांगला आहे, पण बल्ब लाकडापासून दूर हवा आणि घरात कोणीतरी असतानाच लावायचा. हेअर ड्रायरने लाकूड वाळवायला जाऊ नका. एकीकडून कोरडं झालेलं पेडल वाकतं, आणि मग ते सरळ करणं कोणाच्या हातात नसतं.

तुमच्याकडे पेडल नसतील आणि मॅन्युअलचीच एक पट्टी त्रास देत असेल, तर बहुतेक कीबोर्डांत पट्टीखाली रबराच्या टोप्या असतात आणि त्यांत काळ्या कार्बनच्या दोन टिकल्या. दोन्ही टिकल्या जुळण्यामधल्या वेळावरून जोर मोजला जातो. ओल आणि धूळ बसली की पट्टी एकतर मुकी होते, नाहीतर एकदम पूर्ण जोरात बोलते, आणि खाली चिकटपणा धरला तर अडकते. कीबोर्ड उघडायची सवय असेल तर रबराची पट्टी काढून टिकल्या आणि खालची पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. कार्बन घासायचा नाही, पॉलिश पेपर तर अजिबात लावायचा नाही. मी एका दुरुस्तीवाल्याकडे पहिला कीबोर्ड दिला होता, त्याने संपर्क फवाऱ्याने भिजवून दिले. महिनाभर ठीक चाललं, मग आधी दोन पट्ट्या अडकायच्या त्या सहा झाल्या. फवाऱ्यातलं तेल रबरावर राहून गेलं होतं.

दर वेळी वेगळा सूर: वाट

अडकणारा सूर बदलत असेल तर पट्टी निर्दोष आहे आणि निरोप वाटेत हरवतो आहे. माझ्या त्या दोन नोंदींचं मूळ चार खाचांच्या यूएसबी हबमध्ये निघालं. त्याला स्वतःचा वीजपुरवठा नव्हता, आणि दोन कीबोर्ड, पेडल आणि पेन ड्राइव्ह असं सगळं मी त्याच्यावर लादलं होतं. क्षणभर कीबोर्ड सुटायचा आणि पुन्हा जोडला जायचा. त्या क्षणी जे सूर हाताखाली होते त्यांचे नोट ऑफ गेलेच नाहीत. म्हणून एकदा तीन सूर एकदम अडकले होते. विंडोज यंत्र सुटल्याचा आवाज देते, पण माझे हेडफोन वेगळ्या ऑडिओ इंटरफेसला आणि विंडोजचे आवाज लॅपटॉपच्या बंद केलेल्या स्पीकरला. त्यामुळे तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

वीजपुरवठा असलेला हब घेतला, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन, वीज वाचवण्यासाठी संगणकाने हे यंत्र बंद करावं, ही खूण काढली. पॉवर ऑप्शन्समधला यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद केला. लॅपटॉप बॅटरीवर असताना हे सेटिंग वेगळं धरलं जातं, दोन्हीकडे बदला.

जुन्या पद्धतीच्या, पाच टाचण्यांच्या मिडी केबलवरून यूएसबीकडे नेणाऱ्या स्वस्त तारा हे दुसरं मोठं कारण. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट इतकाच आहे. एक नोट ऑन किंवा ऑफ जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. दहा बोटं आणि दोन पाय एकदम उचलले की बारा निरोप ओळीने येतात. चांगल्या इंटरफेसला हे काहीच नाही. अगदी स्वस्तातल्या काही तारा अशा गर्दीत एखादा निरोप गाळतात, आणि तुम्ही जितकं भरघोस वाजवाल तितके जास्त गाळतात. परीक्षा सोपी आहे: मिडी मॉनिटर उघडून दोन्ही हातांचे तळवे पट्ट्यांवर टेकवा आणि एकदम उचला, असं वीस वेळा करा. ऑन आणि ऑफ यांची संख्या जुळली नाही तर तार टाकून द्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चांगला इंटरफेस मिळतो, पण दुकानात वस्तूवर दहा मिनिटं हीच परीक्षा करून दाखवायला सांगा. ब्लूटूथवरून मिडी आणत असाल तर शोध सुरू करण्याआधी तेच काढून साधी तार लावा.

निरोप पोचतो, तरी सूर अडकतो

हे कमी वेळा होतं, पण ठाण्याच्या एका काकूंनी फोनवर जे सांगितलं ते याच प्रकारातलं निघालं. त्यांच्याकडे एकच लहान कीबोर्ड आहे आणि त्या वाजवता वाजवता सप्तक बदलायचं बटण दाबतात. पट्टी दाबली तेव्हा ६० चा नोट ऑन गेला. पट्टी धरलेली असतानाच बटण दाबलं. सोडली तेव्हा कीबोर्डने ७२ चा नोट ऑफ पाठवला. ६० वाजतच राहिला. बरेच कीबोर्ड ही काळजी घेतात, त्यांचा घेत नव्हता. कीबोर्डचा चॅनल, सप्तक किंवा पट्टी, म्हणजे काळी एक, काळी दोन या अर्थाने, बदलायची असेल तर आधी हात उचलायचा. किंवा ते काम कीबोर्डवर न करता सॉफ्टवेअरच्या, सूर वर-खाली सरकवणाऱ्या ट्रान्सपोजरवर करायचं.

एकच कीबोर्ड यूएसबीनेही आणि पाच टाचण्यांच्या केबलनेही जोडलेला असेल आणि मॅन्युअलच्या मिडी सेटिंगमध्ये दोन्ही नोंदी राहिल्या असतील, तर प्रत्येक पट्टीचा निरोप दोन वाटांनी येतो. एका वाटेचा ऑफ हरवला तरी सूर धरून ठेवला जातो. जास्तीची नोंद काढून टाका. ऑर्गनमधून बाहेर जाणारे मिडी निरोप कीबोर्डवरून परत आत तर येत नाहीत ना, हेही बघा. आणि कपलर, म्हणजे एक मॅन्युअल दुसऱ्याला जोडणारा खटका. खालच्या मॅन्युअलवर वरचा जोडलेला आहे हे विसरून आपण वरचा सूर अडकला असं समजतो. मी दोनदा असं शोधत बसले आहे.

सूर नसलेला सूर

आता त्या खालच्या जीबद्दल. स्पीकर लावले की तळाशी एक बारीक घुमणारा सूर येतो, पेडलवरचा १६ फुटी स्टॉप कोणीतरी हळूच धरून ठेवल्यासारखा. (स्टॉप म्हणजे पाइपांची एकेक ओळ चालू-बंद करायचा खटका; १६ फुटी ओळ ८ फुटीपेक्षा एक सप्तक खाली वाजते.) सगळे स्टॉप आत ढकलले तरी येतो. पॅनिकने जात नाही. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. १६ फुटी स्टॉपवर पेडलचा खालचा जी वाजतो तो ४९ हर्ट्झला. म्हणजे वायरिंगची घरघर जीपेक्षा जेमतेम ३५ सेंट चढी असते (अर्ध्या सुराचे शंभर सेंट), आणि तिचा दुप्पट असलेला १०० हर्ट्झ ८ फुटी जीच्या ९८ च्या शेजारी बसतो. ऑर्गन ऐकून ऐकून तयार झालेल्या कानाला तो अडकलेला जीच वाटतो, किंचित बेसूर.

लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा. घरघर गेली तर ऑर्गनचा काही दोष नाही. चार्जर आणि स्पीकर वेगवेगळ्या सॉकेटवर असतील तर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, एकाच सॉकेटवर घ्या. जुन्या इमारतींत तीन टाचण्यांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तारच नसते. इलेक्ट्रिशियनकडून ती तपासून घ्या. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची टाचणी काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर तो पाळू नका. तीच टाचणी विजेच्या धक्क्यापासून वाचवते, आणि पावसाळ्यात तर तिची जास्तच गरज.

हवेचा सुसकारा हे आणखी वेगळं. काही संचांत खऱ्या ऑर्गनच्या पंख्याचा आवाजही मुद्रित केलेला असतो, तो बंद करायचा खटका पडद्यावर असतो. मला तो चालू ठेवायला आवडतो. कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये खरा पाइप ऑर्गन आहे. असं वाद्य ऐकायला माणूस जाऊन बसतो तेव्हा सुरांच्या आधी त्याला जागेचाच आवाज ऐकू येतो, आणि तो सुसकारा घरी थोडासा त्याच जागी नेतो.

मे महिन्यातली तडतड

याची गल्लत अडकलेल्या सुराशी होते म्हणून थोडक्यात. उन्हाळ्यात भरघोस वाजवताना आवाज तुटतो, तडतडतो, कधी सूर उशिरा सुटतो. हा प्रोसेसरवरचा भार आहे. पंधरा स्टॉप बाहेर ओढून चार सुरांचा मेळ धरला तर साठ पाइप बोलतात, एवढं ठीक. पण त्याच स्टॉपांवर सेकंदाला आठ सूर वाजवले तर सेकंदाला १२० शेपट्या सुटतात, आणि घुमारा चार सेकंदांचा असेल तर कुठल्याही क्षणी जवळपास ४८० शेपट्या एकाच वेळी चालू असतात. खोलीत ३४ अंश असताना लॅपटॉप तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. जानेवारीत चाललेला संच मेमध्ये म्हणूनच चालत नाही.

लॅपटॉप चारी बाजूंनी उचलून ठेवा, खालची जाळी साफ करा, पॉलीफोनीची, म्हणजे एका वेळी वाजणाऱ्या आवाजांची, मर्यादा थोडी खाली आणा आणि बफर, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या आवाजाचा साठा, वाढवा. सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर ५१२ चा बफर म्हणजे सुमारे ११ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१. घाबरायचं कारण नाही. हवेतून सात मीटर यायला आवाजाला साधारण तेवढाच वेळ लागतो, आणि खऱ्या ऑर्गनवर पाइप पुष्कळदा त्याहून दूर असतात. मात्र विंडोजच्या साध्या ड्रायव्हरऐवजी कमी विलंबाचा एएसआयओ ड्रायव्हर निवडलेला असायला हवा, नाहीतर विलंब या हिशेबाच्या पलीकडे जातो.

मदत मागताना वहीतल्या त्या पाच गोष्टी सांगा, शिवाय पट्टी पुन्हा दाबून सोडल्यावर सूर थांबतो का तेही. काकूंचा बिघाड फोनवर पंधरा मिनिटांत सापडला, कारण त्यांनी न विचारता सांगितलं की सूर नेहमी बटण दाबल्यावरच अडकतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वहीत तीन नोंदी झाल्या. पेडलची एकही नाही. तिन्ही वरच्या मॅन्युअलच्या एकाच पट्टीच्या, सगळ्यात वरच्या बीच्या. टिकली पुसून झाली आहे, तिथलं रबर फाटलं आहे. त्या मापाची रबराची पट्टी अजून मिळालेली नाही, तोवर ९५ क्रमांकाला हात लावत नाही.